टाकी उत्तम, सल्ला उतावळा

दिवाणखान्यासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी काचेची टाकी मी एप्रिलमध्ये जळगावातील एका दुकानातून बनवून घेतली. कामाबद्दल तक्रारीला जागा नाही. सिलिकॉनची शिवण सर्वत्र सारखी होती, तीत एकही बुडबुडा नव्हता आणि काचेच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. नुसत्या पाण्याचेच वजन पन्नास किलोंच्या वर जाते म्हणून खाली थर्माकोल घालण्याची सूचना दुकानदाराने आपणहून केली आणि तो तुकडा बिलात लावलाही नाही.

घाई झाली ती मासे विकताना. "आज पाणी भरा, क्लोरीन घालवणारे थेंब टाका, उद्या मासे सोडा," असे सांगून त्यांनी पाच गोल्डफिश व निळ्या औषधाची बाटली हातात दिली. तिसऱ्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखे पांढुरके झाले, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले आणि आठवडा संपायच्या आत दोन दगावले. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, हे विकणाऱ्याने सांगायला हवे होते. त्यात गोल्डफिश हा भरपूर घाण करणारा मासा, आणि आपल्या खान्देशात पारा चाळिशीपलीकडे गेलेला. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो व अमोनियाही अधिक जहाल होतो.

उरलेले तीन मासे एका परिचितांच्या मोठ्या टाकीत गेले. खाद्य कुजून जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून मी रोज ते चिमूटभर टाकून टाकी पाच आठवडे माशांविना चालवली. स्पंज नळाखाली धुवा, हा दुकानातल्या मुलाचा सल्लाही मानला नाही, कारण क्लोरीनने तेच जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळला. अमोनिया तपासण्याचे किट दुकानात नव्हते, ते ऑनलाइन मागवावे लागले.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावर आमच्याकडच्या जड, क्षारयुक्त पाण्याला मानवणारे सहा गप्पी मी त्याच दुकानातून आणले. मासे सुदृढ निघाले, दरही वाजवी होता. दुकानदाराने निळी बाटली पुन्हा पुढे केली. ती मात्र मी घेतली नाही.