गल्ली गाड्यांना बंद करायची की नाही: तीन चौकोन आणि एक राहून गेलेला प्रश्न

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोड आणि राम मारुती रोड यांना जोडणाऱ्या ज्या आडव्या गल्ल्या आहेत, त्यातल्या एकीत आम्ही राहतो. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. सध्या आमच्याकडे एक कागद फिरतोय. गल्ली गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांसाठी ठेवायची आणि खाण्याच्या दुकानांना बाहेर टेबलं मांडू द्यायची, असा प्रस्ताव आहे. खाली तीन चौकोन: कायमची बंद, शनिवार-रविवार संध्याकाळी बंद, किंवा गाड्या चालू पण पार्किंग बंद. एका चौकोनात खूण करायची आणि कागद वॉचमनच्या केबिनमधल्या डब्यात टाकायचा. तुमच्याही सोसायटीत असा कागद आला असेल किंवा येणार असेल, तर खूण करण्याआधी हे वाचा.

गाड्या बंद झाल्या तर काय होईल, याची भीती घालणाऱ्यांना एकच आठवण करून देतो. दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीला माणसांशिवाय काही दिसत नाही. पाडव्याच्या शोभायात्रेतही तेच. गणपतीत तर मंडप अर्धी गल्ली खातो आणि दहा दिवस सगळे वळसा घालून जातात. म्हणजे गाड्यांशिवाय जगायची सवय ठाण्याला आहे, फक्त ती तिथीनुसार आहे.

आता टेप काढू. भिंतीपासून भिंतीपर्यंत ९ मीटर रुंदीची गल्ली धरा. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचा फुटपाथ, उरले ६. एका बाजूला लावलेल्या कारला आरशासकट २ मीटर, दुसऱ्या बाजूला आडव्या लावलेल्या स्कूटरना २ मीटर. मध्ये उरले २. त्यातून रिक्षा जाते, कार आरसे मिटून जाते, आणि फुटपाथवर दुकानाचा बोर्ड, कुंडी किंवा उघडं चेंबर असल्यामुळे आजी पण तिथूनच जाते.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेस या संस्थेचा निकष सांगतो की रहिवासी भागात फुटपाथ किमान १.८ मीटर आणि बाजाराच्या रस्त्यावर २.५ मीटर मोकळा हवा. तिसरा चौकोन, म्हणजे पार्किंग काढून एकेरी वाहतूक, निवडला तर हिशोब असा बसतो: दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर फुटपाथ, मध्ये साडेतीन मीटरचा रस्ता, शिल्लक अर्धा मीटर. अर्ध्या मीटरमध्ये टेबल बसत नाही. म्हणजे ज्यांना बाहेर बसून कॉफी प्यायचीय त्यांनी तिसऱ्या चौकोनात खूण करू नये, कारण तिथे टेबल मांडलं की ते चालणाऱ्याच्याच वाट्यातून जाणार.

पहिल्या दोन पर्यायांत मधला पट्टा किमान ४ मीटर कायम मोकळा ठेवावा लागेल. ट्रक-बसची कमाल रुंदी कायद्याने २.६ मीटर आहे. बंब शिरला पाहिजे, त्याची दारं उघडली पाहिजेत, पाइप ओढता आला पाहिजे. लोक त्याच पट्ट्यातून चालतील, आणि दोन्ही कडांना अडीच-अडीच मीटर मिळतील. तिथे टेबलं बसतात. पण ती उचलता येणारी हवीत. सिमेंटचे ओटे, लोखंडी छपऱ्या आणि कृत्रिम गवत आलं की तो पट्टा पुन्हा कधी मोकळा होत नाही.

अँब्युलन्सचा मुद्दा प्रत्येक बैठकीत पहिला येतो. आमच्या तळमजल्यावरच्या काकांना दोन वर्षांपूर्वी रात्री न्यावं लागलं. गल्ली तेव्हा पूर्ण उघडी होती. तरी अँब्युलन्स तोंडाशीच अडकली, कारण वळणावर कुणीतरी कार लावून जेवायला गेलं होतं. आम्ही काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून रस्त्यापर्यंत आणलं. तेव्हा हा मुद्दा बंदच्या विरोधात मांडणाऱ्यांनी आधी आज रात्री गल्लीत फेरी मारावी. मात्र बंद केल्यावर तोंडाशी जे काढता येणारे खांब बसतात, त्यांच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असणार, हे कागदावरच ठरायला हवं. महापालिकेकडे एक आणि चोवीस तास जागेवर असणाऱ्या वॉचमनकडे एक, एवढं किमान. साधं चाकाचं बॅरिकेड असेल तर हा प्रश्नच येत नाही. वीकेंडच्या पर्यायाचा हा न बोलला जाणारा फायदा.

पार्किंगचं बोलू, कारण भांडण खरं तिथे आहे. जुन्या इमारतींना आवारात जागा नाही, गाडी रस्त्यावरच. कायमची बंदी म्हणजे या लोकांना रोजचं स्थलांतर. गावदेवी मैदानाखालचं भूमिगत पार्किंग चालत जाण्याजोगं आहे, पण रात्री अकराला सामान आणि झोपलेलं मूल घेऊन तिथून यायचं कुणाला सांगाल? वीकेंडला संध्याकाळपुरती गाडी हलवणं वेगळं. ते लोक मंडपासाठी करतातच. उलट बाजूही बघा. एका कारला २.५ बाय ५ मीटर जागा लागते. तेवढ्यात सहा स्कूटर उभ्या राहतात किंवा दोघांची चार टेबलं आरामात बसतात. संध्याकाळभर ती जागा एका बिऱ्हाडाने अडवून ठेवायची आणि तीही फुकट, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्यालाच आपण हक्क म्हणतो.

दुकानदारांची अडचण मालाची. किराणा, भांडी, कापड यांचा टेम्पो सकाळी येतो, गॅसची गाडी आणि घंटागाडीही सकाळीच. वीकेंड-संध्याकाळ पर्यायात यातलं काहीच अडत नाही. कायमच्या बंदीत मालाची वेळ ठरवून द्यावी लागते. दिल्लीत चांदनी चौकचा लाल किल्ला ते फत्तेपुरी मशीद हा साधारण १.३ किलोमीटरचा रस्ता २०२१मध्ये नव्याने खुला झाला, तेव्हा सकाळी ९ ते रात्री ९ मोटारी बंद आणि माल रात्रीच, असं ठरलं. रस्ता देखणा झाला. पण घाऊक बाजाराला रात्रपाळी लागली आणि दिवसा दुचाकी घुसायच्या त्या घुसतातच. नियमामागे माणूस उभा नसेल तर खांब शोभेचा.

बाकी शहरांतली दोनच उदाहरणं माझ्या उपयोगाची वाटतात. कोपनहेगनचा स्ट्रॉएट हा बाजाराचा रस्ता १९६२मध्ये आधी प्रयोग म्हणून बंद झाला आणि १९६४मध्ये कायमचा. थंडीत बाहेर कोण बसणार, असं तेव्हा तिथलेच लोक म्हणत होते. बेंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर नोव्हेंबर २०२०पासून काही महिने शनिवार-रविवार गाड्या बंद होत्या, नंतर पुन्हा सुरू झाल्या. पहिल्याने प्रयोगातून सवय लावली, दुसऱ्याचा प्रयोग प्रयोगच राहिला. पुण्यात लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो. छान असतो, पण वर्षातून एक दिवस कुणालाच काही ठरवावं लागत नाही.

नवी मुंबईतल्या वाशी-नेरुळच्या वाचकांसाठी थोडं वेगळं. तिथे सिडकोने आखलेले रस्ते रुंद आणि समांतर, त्यामुळे एक बंद केला तर वाहतूक शेजारून जाते. आमच्या गल्लीला शेजार म्हणजे आणखी एक तुंबलेली गल्ली. पण टेबलांचा वाद तिथे रस्त्यापेक्षा दुकानासमोर मोकळी सोडायच्या जागेवरून, म्हणजे मार्जिनल स्पेसवरून असतो. हॉटेल तिथे शेड टाकतं, पालिकेची गाडी येऊन तोडते, आठवड्याने शेड परत. तुमच्या कागदावर गल्ली म्हणजे नेमकी कुठून कुठपर्यंत, हे आधी लिहून घ्या.

पावसाचं एका वाक्यात: जून ते सप्टेंबर टेबलांचा विषय संपला, चालण्याचा नाही, म्हणून दोन्हीचं वेळापत्रक एक असू शकत नाही.

आणि इथेच माझा आक्षेप आहे. कागदावर दोन प्रश्न एकात गुंफलेत. गाड्या बंद करणं हा सगळ्यांचा प्रश्न आहे. टेबलं मांडणं हा सार्वजनिक जागा काही जणांना धंद्यासाठी देण्याचा प्रश्न आहे. टेबलाचं भाडं महापालिकेला किती, कचरा कोण उचलणार, रात्री १०ला खुर्च्या आत जाणार का, हे ठरल्याशिवाय वरच्या मजल्यावरचा माणूस हो म्हणणार नाही आणि म्हणू नये. रहिवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १०नंतर ४५ डेसिबल आहे. वीस जणांच्या गप्पांना लाउडस्पीकर लागत नाही. शिवाय तोंडाशी जो भेळवाला उभा असतो त्याचं काय? २०१४च्या फेरीवाला कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असतात, म्हणजे हलवण्याआधी त्याला विचारणं ही काही मेहरबानी नाही. गल्ली मोकळी करायची म्हणून त्याची गाडी उचलली आणि त्याच जागी कॅफेच्या खुर्च्या आल्या, तर मी पुन्हा गाड्या लावा म्हणेन.

माझी खूण दुसऱ्या चौकोनात. कारण सरळ आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५खाली एक महिन्यापर्यंतचे निर्बंध राजपत्रात छापावे लागत नाहीत, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे दिवाळीनंतरचे चार वीकेंड, संध्याकाळी ५ ते १०, ट्रॅफिक पोलिसांशी बोलून करून बघता येतात. पहिले दोन वीकेंड टेबलांशिवाय. नुसती रिकामी गल्ली लोकांना आवडते का ते कळू दे. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक वाढलं की घटलं, हे त्यांच्या गल्ल्यावरून कळेल. तुमची गल्ली १२ मीटरची असेल, वर बिऱ्हाडं नसतील आणि पर्यायी रस्ता असेल, तर मात्र थेट पहिला चौकोन घ्या, उगाच चाचपडू नका. आणि गल्ली ६-७ मीटरचीच असेल तर तिसरा; टेबलं विसरा, आधी आजीला फुटपाथ द्या.

टेबलांसाठी वेगळा कागद काढा, असं सेक्रेटरींना कालच सांगून आलो. ते म्हणाले, काढतो, पण झेरॉक्सचे पैसे दुकानदारांनी द्यायचे की सोसायट्यांनी, ते आधी ठरवा.