लेकीची पोटगी आणि विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील: आमचा अनुभव

मी एस.टी.तला निवृत्त कंडक्टर. नोकरीतली बहुतेक वर्षं पुणे–कोल्हापूर मार्गावर गेली. कोर्टाची पायरी कधी चढलो नव्हतो, ती लेकीपायी चढावी लागली. २०२४ च्या उन्हाळ्यात ती चार वर्षांच्या नातीला घेऊन माघारी आली. कारणं लिहीत नाही, ती तिची आहेत.

आधी खाजगी वकील केला. ओळखीतून गेलो, तीस हजार आगाऊ दिले. नाव लिहीत नाही. पोटगीच्या अर्जाचा मसुदा हातात आला तेव्हा कोर्टाच्या जिन्यातच चष्मा लावून वाचायला बसलो. चौथ्या परिच्छेदात लिहिलेलं, ‘अर्जदाराचे वडील मयत असून अर्जदारास अन्य आधार नाही.’ मी लेकीला म्हटलं, बघ गं, मला पोचवलं की यांनी. दुसऱ्या कुणाच्या अर्जातला मजकूर जसाच्या तसा उतरवलेला. तेवढं पेनने खोडून सप्टेंबरात अर्ज दाखल झाला. वर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ तसंच राहिलं. १ जुलै २०२४ पासून नवीन अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली करायचे, हे आम्हाला फार पुढे कळलं. चुकीच्या कलमामुळे अर्ज काही फेटाळला गेला नाही, दुरुस्ती झाली. पण ज्याला तीस हजार मोजले त्याला हे माहीत असायला नको?

पुढच्या दोन तारखांना साहेब आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, उरलेली फी भरा, नाहीतर नातीचा ताबाही जाईल. त्या रात्री लेक झोपली नाही.

शेवटी कोर्टाच्याच आवारात, जिथून मी दहा वेळा गेलो होतो त्या बोळात, ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’ अशी पाटी दिसली. आमच्यासारख्यांचा समज असा की हे फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी. तसं नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. लेक शिकवण्या घेते, मला पेन्शन आहे, तरी चालतं. आत विधी स्वयंसेवक म्हणून बसलेल्या एका मुलाने अर्ज लिहून घेतला. आधार कार्ड, कोर्टाच्या कागदांच्या झेरॉक्स आणि सही, एवढ्यावर काम झालं. १५१०० या हेल्पलाइनवर फोन केला तरी कुठे जायचं ते सांगतात.

वकील नेमल्याचं पत्र यायला मात्र तीन आठवडे लागले. मधे एक तारीख तशीच गेली. हा पहिला दोष.

दुसरं लफडं जुन्या वकिलाचं. नव्या वकीलपत्रावर त्यांची ‘ना हरकत’ लागते, ती देईनात, फाईलही देईनात. आमच्या नव्या मॅडमनी सांगितलं, काका, फी थकली म्हणून अशिलाची फाईल अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगून ठेवलंय. त्यांनी तिथल्या तिथे एक फोन केला. फाईल दुसऱ्या दिवशी मिळाली, अर्धी सुटी पानं आणि चहाचा डाग. ताब्याचं विचारलं तर म्हणाल्या, पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच राहावं असं कायदाच म्हणतो, आणि फी भरली नाही म्हणून कुणाचा ताबा जात नसतो.

या मॅडम तरुण. हाताखाली बरीच प्रकरणं. फोन क्वचितच उचलतात, पण संध्याकाळी मेसेजला उत्तर येतं. अर्ध्या ओळीचं का होईना, येतं. पहिल्या दिवशी त्यांनी आधी वकील म्हणून उभं राहायची परवानगी मागणारा अर्ज दिला. कुटुंब न्यायालयात वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नसतो, न्यायाधीशांची परवानगी लागते. तिथे कितीतरी बायका एकट्याच उभं राहून बोलतात, हेही तेव्हाच पाहिलं.

मग आलं मालमत्ता आणि दायित्वाचं शपथपत्र. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात नवरा-बायको दोघांनाही ते भरावं लागतं. पानंच्या पानं: उत्पन्न, खर्च, कर्ज, दागिने, बँकेचे उतारे. इथे माझी आणि मॅडमची जुंपली. शिकवणीचे चार हजार दाखवायचे नाहीत असं माझं म्हणणं. रोख येतात, कुणाला कळतंय? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, काका, तुम्ही इतकी वर्षं तिकिटं फाडलीत. एका प्रवाशाचे पैसे खिशात टाकले असते तर चेकरने बाकीचं वे-बिल खरं मानलं असतं का? वे-बिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद. मी गप्प बसलो. लेक म्हणाली, अप्पा, भरू दे त्यांना. चार हजार लिहिले. ते चार हजार आडवे आले नाहीत.

जावयाचं शपथपत्र महिन्याने आलं. नोकरी सुटली, घरीच असतो, आईवडिलांच्या आधारावर जगतो. जोडीला बँकेचा उतारा. मॅडमना तो वाचायला वेळ नव्हता, हे त्यांनी सरळ सांगितलं आणि मलाच दिला. तुम्ही बघा, काही खटकलं तर खूण करा.

रात्री जेवणानंतर बसलो. पैसे बघण्याआधी माझी नजर टोलच्या ओळींवर गेली, सवयच ती. दर सोमवारी खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. शनिवारी तेच उलटे: किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर. हे चार नाके मला झोपेतही क्रमाने येतात. घरी बसलेला माणूस दर सोमवारी कोल्हापूरच्या अंगाला जातो आणि शनिवारी परत येतो, सलग पाच महिने. आमच्या एखाद्या गाडीने सुद्धा इतकं वेळापत्रक पाळलं नसेल! मी वहीत तारखांचा तक्ता काढला, वे-बिलासारखा, आणि ओळींना लाल खुणा केल्या.

मॅडमनी तो तक्ता युक्तिवादात जसाच्या तसा वापरला. समोरच्या वकिलांनी म्हटलं, मित्राच्या कामासाठी जातो. अंतरिम, म्हणजे शेवटचा निकाल लागेपर्यंतच्या, आदेशात लिहून आलं की खरं उत्पन्न लपवलेलं दिसतं. लेकीला सात हजार, नातीला सहा, अर्ज केल्या तारखेपासून. म्हणजे मधले दहा महिनेही धरून. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायद्यात आहे. ‘शक्यतो’ या शब्दात आमचे सात-आठ महिने गेले.

दोन महिने पैसे आले, मग बंद. इथे या सेवेचा खरा उपयोग झाला. मॅडमनी वाट न बघता वसुलीचा अर्ज टाकला. थकलेल्या पोटगीसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या रकमेवर वॉरंट निघत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आज देईल, उद्या देईल करत बसलेल्या एक ताई बाहेरच्या बाकावर भेटल्या, त्यांची दीड वर्षाची थकबाकी होती. मी त्यांना हात धरून त्या बोळातल्या पाटीपर्यंत नेलं. आमचं वॉरंट निघायच्या आतच पैसे जमा झाले, बहुतेक तुरुंगाचं नाव ऐकून.

आता तक्रारी. एका तारखेला मॅडम आल्या नाहीत, ज्युनिअर पाठवला, त्याला फाईल माहीत नव्हती, पुढची तारीख घेऊन आला. आमचा अख्खा दिवस आणि लेकीच्या शिकवण्या बुडाल्या. टायपिंग-झेरॉक्सचा खर्च प्राधिकरणानेच करायचा असतो, पण घाईत तो आम्हीच केला आणि नंतर मागत बसलो नाही. वकिलाने मात्र एक रुपया मागितला नाही. कुणी मागितलाच तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील पटला नाही तर बदलून मागता येतो, तेही लेखीच.

नातीच्या भेटी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत होतात. पहिल्या वेळी ती दाराला धरून उभी राहिली. समुपदेशक बाईंनी जबरदस्ती केली नाही, जावयाला जमिनीवर बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने ती आपणहून ठोकळे घेऊन त्याच्याजवळ गेली. मी काचेतून बघत होतो. मला तो माणूस आवडत नाही, पण त्या दिवशी त्याने फोन खिशातून काढला नाही, एवढं खरं.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो उशिराचा. जाणाऱ्यांनी एवढं करा: दर तारखेला काय झालं ते वहीत त्याच दिवशी लिहा, रोजनाम्याची, म्हणजे त्या तारखेच्या कोर्टातल्या नोंदीची, नक्कल मागून घ्या, आणि समोरच्याचा बँकेचा उतारा स्वतः ओळ न् ओळ वाचा. वकिलाला तेवढा वेळ नसतो.

घटस्फोटाचा मूळ अर्ज अजून पुराव्यावर आहे. पुढच्या तारखेला जावयाची उलटतपासणी. मी वही घेऊन जाणार आहे.