चार घरं, चार भाषा आणि ऊनोचा एक कॅट

ज्या बिल्डिंगमध्ये चार घरं चार भाषा बोलतात तिथल्या मुलांसाठी एकच खेळ घ्यायचा असेल तर ऊनो हा पत्त्यांचा खेळ घ्या. पत्त्यांवर वाचायला काही नाहीच, चार रंग, शून्य ते नऊ आकडे आणि थोड्या खुणा, बस. नवीन राहायला आलेल्या पोराला बाकीच्यांची भाषा येत नसली तरी दोन डाव नुसता बघतो, तिसऱ्याला बसतो आणि शेजारच्याला चार पत्ते उचलायला लावल्यावर जो काही खिदळतो ना, की मग त्याला वेगळं बोलवायला लागत नाही. स्क्रॅबलसारखे शब्दांचे खेळ इथे नकोत, ज्याची भाषा तोच जिंकणार.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलंय की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती शेजारी राहून जवळ येत नाहीत, बरोबरीच्या नात्याने एकत्र काही करायला मिळालं तर येतात. ती बरोबरी इथे आयतीच मिळते, सगळ्यांना सात पत्ते आणि नशिबाचा भाग एवढा मोठा की सातवीतला मुलगा दुसरीतल्या पोरीकडून हरतो.

पण माझ्या मते खरी दोस्ती जमते ती नियमांवरच्या भांडणात. एकाच्या घरी प्लस टूवर (पुढच्याला दोन पत्ते उचलायला लावणारा पत्ता) प्लस टू चालतो, दुसऱ्याच्या घरी नाही (कंपनीच्या नियमात नाही चालत, ऊनो बनवणाऱ्या मॅटेलने २०१९ मध्ये जाहीर सांगूनही कोण ऐकतंय!). मुळात हा खेळ निघालाच अशा वादातून, अमेरिकेत ओहायोमधल्या मर्ल रॉबिन्स नावाच्या न्हाव्याचं मुलाशी क्रेझी एट्स या पत्त्यांच्या खेळाच्या नियमांवरून वाजलं आणि १९७१ मध्ये ऊनो आला. त्यामुळे मोठ्यांनी मध्ये पडू नका प्लीज, "तुमच्यात तसं, आमच्यात असं, मग आज कुठलं?" हे मुलांनाच ठरवू दे. ११२ पत्त्यांच्या नव्या कॅटमध्ये तीन पत्ते स्वतःचा नियम पेन्सिलीने लिहायला ठेवलेत, मला ते फार आवडले, पहिला नियम नवीन आलेल्या मुलाला करू द्या.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. दहा जण खेळू शकतात म्हणतात, पण दहा जणांत आपली पाळी येईपर्यंत लहान मुलं उठून जातात, पाच-सहा भिडू बरे. दुसरं, प्लस फोर, म्हणजे पुढच्याला चार पत्ते उचलायला लावणारा पत्ता, कधी टाकता येतो हे बहुतेकांना माहीतच नसतं. हातात चालू रंगाचा पत्ता असेल तर तो टाकायचा नाही, संशय आला तर चॅलेंज करायचं, चोरी पकडली गेली तर टाकणाऱ्याला चार, नाहीतर चॅलेंज करणाऱ्याला सहा. हे डाव सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना सांगा, हे मी कळकळीने सांगतेय, कारण मिश्र वस्तीत "तू रडीचा डाव खेळलास"चं "तुम्ही लोक असेच" व्हायला वेळ लागत नाही, आणि ते वाक्य मुलं विसरत नाहीत.

लाल-हिरवा नीट न ओळखता येणारं मूल गटात असेल तर साधा कॅट घेऊ नका, रंगांना खुणा दिलेला कलरॲड कॅट २०१७ मध्ये आलाय तो शोधा. ब्रेलमधलाही २०१९ मध्ये निघालाय.