जुन्या फोनलाइनवर वेगवान ब्रॉडबँड : सहा महिन्यांच्या वापरानंतर

घरी आधीपासून असलेल्या दूरध्वनीच्या तारेवर जास्त वेगाचे ब्रॉडबँड चालेल का, असे मी सेवा देणाऱ्या कंपनीला विचारले तेव्हा फोनवरच्या प्रतिनिधीने क्षणाचाही विलंब न लावता 'सेकंदाला शंभर मेगाबिटपर्यंत चालेल' असे सांगितले. माझी तार किती लांब आहे हे त्याने विचारले नाही. या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ पूर्णपणे त्या लांबीवर अवलंबून असते, हे मला नंतर कळले.

पूर्वी माझ्याकडे एडीएसएल-२ प्लस, म्हणजे फोनच्या तारेवर इंटरनेट देणारे जुने तंत्र होते. कागदोपत्री त्याची कमाल मर्यादा २४ मेगाबिट असली तरी माझा मोडेम ९ मेगाबिटवर जुळत असे आणि फोनची घंटा वाजली की जोडणी तुटत असे. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर दोन आकडे असतात, ते कोणीही पाहू शकतो. अटेन्युएशन म्हणजे तारेतून येताना सिग्नल किती क्षीण झाला त्याचे माप, आणि नॉइज मार्जिन म्हणजे तारेवरच्या गोंगाटाच्या वर सिग्नलला उरलेली उसंत. माझे अटेन्युएशन २८ डेसिबल, म्हणजे एक्स्चेंजपासून (दूरध्वनी केंद्रापासून) साधारण दोन किलोमीटर तार होती. एवढ्या अंतरावर १३-१४ मेगाबिट मिळायला हरकत नव्हती. मार्जिन मात्र दिवसा ६ डेसिबल असे आणि संध्याकाळी २ वर घसरत असे. अर्थात दोष केवळ अंतराचा नव्हता.

तो घरातच सापडला. बाहेरून येणारी तार पहिल्या सॉकेटमध्ये येते आणि तिथून कधीकाळी दुसऱ्या खोलीतल्या फोनसाठी एक फाटा काढलेला होता. कपाट सरकवून पाहिले तर तो जोड हाताने पिळून त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पट्टी सोडवल्यावर आतले तांबे कळकलेल्या भांड्यासारखे हिरवे पडलेले. असा कुठेही न पोहोचणारा फाटा सिग्नलचा काही भाग परत फिरवतो आणि सैल जोड गोंगाट वाढवतो. तो फाटा काढून टाकला, मोडेम थेट पहिल्या सॉकेटला लावला आणि फोनच्या वाटेवर आवाज आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे ठेवणारा नवा फिल्टर बसवला, तेव्हा त्याच जुन्या सेवेचा वेग ९ वरून साडेतेरा मेगाबिटवर गेला. नव्या योजनेचा एक पैसाही न भरता दीडपट वेग मिळाला, ही या सगळ्या खटाटोपातली मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट आहे.

त्यानंतर मी व्हीडीएसएल-२ ही फोनच्या तारेवरचीच जास्त वेगाची सेवा घेतली. यात एक्स्चेंजपासून रस्त्यावरच्या कॅबिनेटपर्यंत (कंपनीच्या उपकरणांच्या पेटीपर्यंत) ऑप्टिकल फायबर येते आणि तिथून घरापर्यंतच तांब्याची जुनी जोडतार वापरली जाते. माझ्या बाबतीत हे उरलेले अंतर सुमारे ६०० मीटर आहे. फोनवरचे बोलणे ४ किलोहर्ट्झच्या आत मावते, एडीएसएल-२ प्लस सुमारे २.२ मेगाहर्ट्झपर्यंतची कंप्रता वापरते, तर सर्रास वापरली जाणारी व्हीडीएसएल-२ जवळपास १७ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. तार तीच असली तरी तिच्यावर माहिती वाहून नेणारा पट्टा असा कितीतरी रुंद होतो. अडचण एवढीच, की कंप्रता जितकी उंच तितकी ती तांब्यात लवकर विरते. त्यामुळे कॅबिनेटच्या अगदी जवळच्या घराला जे मिळते ते अर्ध्या किलोमीटरवर मिळत नाही, आणि दीड किलोमीटरच्या पुढे तर या सेवेचा एडीएसएल-२ प्लसच्या तुलनेत फारसा फायदा उरत नाही.

पहिल्या दिवशी मोडेम ४७ मेगाबिटवर जुळला. सहा महिन्यांनी तो आकडा ४३ आहे, आणि याचे कारण बिघाड नव्हे, तर शेजारी आहेत. एकाच जाड केबलमध्ये अनेक घरांच्या जोडतारा दाटीवाटीने असतात आणि एकीतला सिग्नल दुसरीत झिरपतो. जसजशी त्याच कॅबिनेटवर नवी घरे जोडली जातात तसतसा प्रत्येकाचा वाटा थोडा कमी होतो. व्हेक्टरिंग नावाचे तंत्र ही झिरप मोजून रद्द करते, परंतु ते कॅबिनेटमध्ये बसवावे लागते आणि आमच्या कॅबिनेटमध्ये ते नाही. याहून वेगवान जी.फास्ट हे मानकही २०१४ पासून अस्तित्वात आहे, मात्र त्याचा खरा जोर शंभरेक मीटरच्या आतच दिसतो.

प्रतिनिधीने सांगितलेल्या आकड्याने निराशा झाली असली तरी रोजच्या वापरात मी समाधानी आहे, आणि त्याचे श्रेय डाउनलोडपेक्षा अपलोडला द्यावे लागेल. पूर्वी जेमतेम १ मेगाबिट अपलोड मिळत असे, आता ९ मिळते. व्हिडिओ कॉल चालू असताना दुसरे कोणी छायाचित्रे चढवू लागले की चित्र गोठत असे, ते आता होत नाही. फोनही त्याच तारेवर पूर्वीसारखा चालू राहिला आहे आणि वीज गेली तरी तो एक्स्चेंजकडून येणाऱ्या विजेवर वाजतो. मात्र जिथे कंपनी फोनही मोडेममधूनच देते तिथे ही सोय राहत नाही, म्हणून हे आधी विचारून घ्यावे. जुना एडीएसएल मोडेम या सेवेवर चालत नाही, तो बदलावाच लागतो. वेग तपासताना वाय-फाय बाजूला ठेवून मोडेमला केबलने संगणक जोडावा, कारण भिंतीपलीकडे कमी झालेल्या वाय-फायचा दोष बिचाऱ्या फोनलाइनच्या माथी मारला जातो.

तक्रार एकच आहे. सेवा सुरू झाल्यावर मी कंपनीकडे लेखी विचारणा केली, तेव्हा दोन दिवसांत उत्तर आले, की माझ्या तारेच्या लांबीवर ४० ते ५० मेगाबिट अपेक्षित आहे. म्हणजे मोजमाप त्यांच्याकडे होते. ते विक्री करणाऱ्या प्रतिनिधीच्या समोर असायला हवे होते.