स्क्रूवरचा गंज तसाच, आणि बोर्ड म्हणे बदलला

गेल्या पावसाळ्यात दापोली तालुक्यातल्या एका वाडीवर वॉशिंग मशीनपायी ४,१५० रुपये गेले. ३५० 'व्हिजिट'चे आणि ३,८०० बोर्डचे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीचे. प्रत्यक्षात बिघडला होता शे-दीडशे रुपयांचा एक डबीएवढा भाग. हा डाव गुहागरपासून मालवणपर्यंत कुणाच्याही पडवीत खेळता येतो, म्हणून कसा खेळला गेला ते आधी वाचा.

मशीन टॉप लोड, पूर्ण ऑटोमॅटिक, साडेसहा किलोची, सात वर्षं जुनी. गणपतीच्या आधीचा आठवडा होता आणि चाकरमानी यायचे म्हणून घरातल्या सगळ्या चादरी धुवायला काढल्या होत्या. पाणी भरलं, पण आतली चकती फिरेना. नुसता 'घूंऽऽ' असा आवाज यायचा, काही सेकंदांनी थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. पॅनलवरचे दिवे लागत होते, बटणं चालत होती.

घरच्यांनी मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून 'सर्व्हिस सेंटर' शोधलं आणि वर आलेला पहिला नंबर लावला. तो कंपनीचा नव्हता. पलीकडच्याने गोड बोलून व्हिजिट चार्ज आधीच क्यूआर कोडवर घेतला. दुसऱ्या दिवशी एक जण बाइकवरून आला. मागचं झाकण उघडून दहा मिनिटं खाटखुट केली. बॅगेतून वीज तपासायचा मीटर एकदाही निघाला नाही.

"काकी, बोर्ड उडालाय. परवा वीज चमकली ना, तिनंच गेला. नवा घ्याल तर साडेसहा हजार, वर चार दिवस लागतील. कंपनीतून रिपेर होऊन आलेला एक आहे माझ्याकडे, अडतीसशेत करून देतो. गणपती तोंडावर आलेत, बघा तुम्हीच."

काकी चहा टाकायला आत गेल्या. बाहेर आल्या तर मशीन चालू. पेपरात गुंडाळलेलं काहीतरी बॅगेत जाताना दिसलं, त्यावर उत्तर तयार होतं, "जुना बोर्ड कंपनीत जमा करावा लागतो." पावतीवर तीन शब्द, 'मशीन रिपेर, बोर्ड', आणि खाली आकडा. नंबर नाही, शिक्का नाही.

साड्या, शर्ट असे हलके कपडे नीट धुतले गेले. चादर घातली की पुन्हा घूंऽऽ, आणि मागून गरम वार्निशसारखा वास. फोन लावला तर बंद. शेवटी बाजारपेठेतला ओळखीचा मेकॅनिक आला आणि त्याने मागचं झाकण काढलं. आत सगळीकडे सात वर्षांची धूळ आणि पालीच्या लेंड्या, आणि मधोमध एक कोरा, चकचकीत कपॅसिटर. मेकॅनिक मंडळी याला कंडेन्सरच म्हणतात. त्यावर छापलं होतं ८ मायक्रोफॅरड, हे त्याच्या क्षमतेचं माप. झाकणाच्या आत चिकटवलेल्या वायरिंगच्या कागदावर मात्र १२ लिहिलेलं होतं.

मग बोर्ड बघितला. तो वरच्या पॅनलखाली असतो आणि पॅनल सोडवल्याशिवाय त्याला हात लागत नाही. पॅनलचे स्क्रू समुद्राच्या हवेने तांबूस पडलेले, फुलीच्या खाचेत गंजाची भुकटी बसलेली. अशा स्क्रूला पेचकस लावला की भुकटी पडते आणि खाचेच्या कडेला पांढरी, ताजी चकाकी उमटते, ती लपत नाही. इथे एकाही स्क्रूवर तसा ओरखडा नव्हता. म्हणजे बोर्ड बदलायचं सोडाच, कुणी तो पाहिलाही नव्हता. पेपरातून गेला तो जुना कंडेन्सर.

नशीब, वॉशिंग मशीनमध्ये गॅस नसतो. नाहीतर तोही भरला असता.

आता घूंऽऽ आवाजाचा अर्थ. साध्या (इन्व्हर्टर नसलेल्या) मशीनच्या मोटारीत दोन वाइंडिंग, म्हणजे तारेचे वेढे, असतात. एकाला सरळ सप्लाय मिळतो, दुसऱ्याला कपॅसिटरमधून. कपॅसिटरमुळे दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट पुढे सरकतो आणि त्या फरकामुळे मोटारीत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कपॅसिटर कमजोर झाला की क्षेत्र जागच्या जागी धडधडतं, मोटार गुणगुणते आणि फिरत नाही. पण गुणगुणते याचाच अर्थ बोर्डाने तिला करंट दिलेला आहे. दिवे लागतात, पाणी भरतं, मोटार घूं करते, आणि समोरचा मीटर न लावता बोर्ड गेल्याचं सांगतो, तर तिथेच थांबवा.

बोर्ड कधी जातच नाही असं नाही. मोटार एकाच दिशेने फिरते आणि उलट फिरायच्या वेळी गप्प बसते, तेव्हा बोर्डवरचा ट्रायॅक (मोटारीचा करंट चालू-बंद करणारा भाग) किंवा त्याची वायर संशयित ठरते. मशीन पूर्ण मेलेली असेल, एकही दिवा लागत नसेल आणि आदल्या रात्री लाइनचा न्यूट्रल तुटून घराघरातले बल्ब भगभगले असतील, तर बोर्डवरचा फ्यूज आणि व्हॅरिस्टर (जादा दाब स्वतःवर घेणारा भाग) उडालेला असू शकतो. न्यूट्रल तुटल्यावर घरात २३० ऐवजी पार ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. ट्रायॅक शॉर्ट झाला तरी क्वचित घूं आवाज येतो. तरीही आधी कंडेन्सर तपासायचा, कारण तो स्वस्त आहे, सहज निघतो आणि जास्त वेळा तोच गेलेला असतो.

तपासायची रीत अशी. बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून उपसून काढा. पायात रबरी चप्पल हवी, खालची लादी कोरडी हवी. मागच्या झाकणाचे स्क्रू काढा. गंजलेले असतील तर आधी गंज सोडवणाऱ्या तेलाचा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. घाईत खाच झिजली तर पुढचा तास त्या एका स्क्रूवर जातो. कंडेन्सर काढण्याआधी वायरींचा फोटो घ्या. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये चार्ज राहिलेला असू शकतो, म्हणून जुन्या १०० वॉटच्या पिवळ्या बल्बच्या होल्डरच्या दोन तारा त्याच्या टोकांना काही सेकंद टेकवा. बल्ब पेटलेला दिसेलच असं नाही, चार्ज मात्र उतरतो. मग वायरी सोडवून कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर लावा. अंगावर १२ मायक्रोफॅरड ±५% लिहिलं असेल तर रीडिंग ११.४ ते १२.६ च्या दरम्यान यायला हवं. ९ किंवा ७ आलं, फुगलेला असला, तळातून तेल झिरपलेलं दिसलं, तर बदला.

काही इलेक्ट्रिशियन कंडेन्सर सॉकेटमधून चार्ज करून टोकं शॉर्ट करतात आणि ठिणगी दाखवतात. ते करू नका आणि समोर करूही देऊ नका. ७ मायक्रोफॅरडचा मेलेला कंडेन्सरही झकास ठिणगी देतो.

नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा जुन्याइतकाच हवा आणि व्होल्ट ४४० किंवा जुन्यावर लिहिलेले, त्याखाली नाही. आकडा कमी पडला की दापोलीच्या वाडीवर झालं तेच होतं. हलक्या कपड्यांना मोटार कशीबशी फिरते, चादरीला अडते, तापते, आतलं थर्मल प्रोटेक्टर तिला बंद करतं, थंड झाल्यावर पुन्हा सुरू. असे काही आठवडे गेले की वाइंडिंग जळतं, आणि मग खरोखरच हजारोंचा खर्च येतो. फॅनचा २.५ किंवा ३.१५ वाला तर इथे अजिबात चालत नाही. सेमी ऑटोमॅटिकमध्ये धुण्याच्या आणि पिळण्याच्या मोटारी वेगळ्या असतात. धुण्याला साधारण १० ते १२ आणि पिळण्याला ५ ते ६ मायक्रोफॅरड लागतात, कधी दोन्ही एकाच डबीत असतात आणि तिला तीन वायरी येतात. त्या उलटसुलट जोडल्या की पिळायची मोटार तापते, म्हणून आधी फोटो.

नवा कंडेन्सर बसवूनही घूं राहिलं तर प्लग काढून आतली चकती हाताने फिरवून बघा. जड लागली तर खाली नाणं, हुक किंवा मोजा अडकलेला असतो. मधला स्क्रू काढून चकती वर ओढली की सापडतो. सहज फिरली तर बेल्ट पाहा. सैल बेल्ट असला तर मोटार फिरते पण चकती फिरत नाही, खाली काळी भुकटी पडलेली असते. बेल्टचा नंबर त्याच्याच अंगावर छापलेला असतो, तोच सांगून घ्यायचा.

किनाऱ्यावर बोर्डाच्या नावाने खपवले जाणारे आणखी दोन बिघाड आहेत. पहिला उंदराचा. पावसात उंदीर कोरडी, उबदार जागा शोधत मशीनच्या तळातून शिरतो आणि मोटारीकडे जाणारी वायर कुरतडतो. तुटकी टोकं सोलून सोल्डर करून, वर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवली की काम संपतं. नुसती चिकटपट्टी दमट हवेत सुटते. नंतर तळाला बारीक जाळी बांधा, पण मोटारीखालची हवा कोंडू नका.

दुसरा पाण्याचा. विहिरीचं पाणी पावसाळ्यात जांभ्याची तांबडी माती घेऊन येतं आणि इनलेट व्हॉल्व्हच्या, म्हणजे मशीनमध्ये पाणी सोडणाऱ्या झडपेच्या, तोंडावरची नखाएवढी जाळी बुजवतं. मशीन पाणी घेत नाही, एलजीच्या मशीनवर 'आयई' असा कोड येतो, आणि आलेला माणूस व्हॉल्व्ह जळाल्याचं सांगतो, हिंमत असली तर बोर्डही. नळ बंद करा, पाइप सोडवा, जाळी पकडीने हलकेच ओढून टूथब्रशने धुवा. तरी पाणी येईना तर मल्टिमीटरने व्हॉल्व्हच्या दोन टोकांवर ओहम (विजेला होणारा अडथळा) मोजा. साडेतीन ते साडेचार हजार ओहमच्या आसपास आलं तर कॉइल जिवंत आहे, मीटरने काहीच दाखवलं नाही तर गेली. टाकीची उंचीही बघा. मशीनला ०.३ ते ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा ३ ते ५ मीटर उंच हवं. कौलारू घराशेजारी चिऱ्याच्या कट्ट्यावर ठेवलेली टाकी तेवढी उंच नसते, मग व्हॉल्व्ह कितीही बदलला तरी पाणी रांगतच येणार.

'ओई' म्हणजे पाणी बाहेर जात नाही, 'यूई' म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झालेत, 'डीई' म्हणजे दार नीट लागलेलं नाही. हेही एलजीचे कोड. दुसऱ्या कंपन्यांचे वेगळे असतात आणि पुस्तिकेत दिलेले असतात. कोड वाचल्याशिवाय फोन उचलू नये.

सगळे मेकॅनिक लुटारू नाहीत. फ्रंट लोडचं बेअरिंग गेलं असेल, पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज येत असेल, तर अख्खा टब बाहेर काढावा लागतो. तिथे मजुरी जास्तच लागते आणि ती रास्त आहे. गिअरबॉक्स-क्लचचंही तसंच. ही कामं घरी करायला जाऊ नका. आणि मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग बघा, मशीन नंतर.

फोनच्या बाबतीत, कंपनीचा नंबर मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेतून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्यायचा. सर्चमध्ये वर दिसणारा नंबर कुणीही टाकू शकतो. 'तक्रार नोंदवायला फक्त १० रुपये भरा' म्हणून लिंक येते, किंवा फोनची स्क्रीन दाखवणारं अॅप घ्यायला सांगतात. असं झालं की तो मेकॅनिक नसतो, त्याला तुमच्या मशीनशी काही देणंघेणं नाही, त्याला तुमचा बँकेचा पिन हवा आहे. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० वर फोन करा, म्हणजे पुढे सरकण्याआधी ते अडवता येण्याची शक्यता राहते. खोट्या कामाचं बिल घेतलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, पण पावती नसेल तर तक्रार लंगडी पडते. दापोलीच्या त्या पावतीवर ना नाव होतं ना पत्ता, तिचा उपयोग शून्य.

म्हणून पैसे देण्याआधी पावतीवर हे लिहून घ्या: भागाचं नाव, त्यावरचा नंबर किंवा रेटिंग, किंमत वेगळी, मजुरी वेगळी, वॉरंटी किती दिवसांची, आणि करणाऱ्याचं नाव-पत्ता. जुना भाग तुमच्या पैशाने घेतलेला, तो तुमचाच. वॉरंटीत कंपनी फुकट बदलून देते तेव्हा जुना परत नेते, ते ठीक. तुम्ही ३,८०० मोजलेत तर 'जमा करावा लागतो' हे कारण चालत नाही. बोर्ड दुरुस्तीला पाठवायचाच असेल तर जाण्याआधी स्टिकरवरच्या नंबराचा फोटो काढा आणि कोपऱ्यात मार्करने खूण करा, म्हणजे तुमचा चांगला बोर्ड दुसऱ्याच्या घरी आणि दुसऱ्याचा मेलेला तुमच्याकडे, असं होणार नाही.

आणि बाहेरचा माणूस यायच्या आदल्या रात्री पॅनलच्या आणि मागच्या झाकणाच्या प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकून ठेवा. रंग कुठलाही चालतो, फक्त थेंब अर्धा स्क्रूवर आणि अर्धा पत्र्यावर पडायला हवा.