बसचं ॲप, ऑफलाइन नकाशा आणि ई-सायकल: छोट्या शहरातल्या नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वापरात काय होतं ते आधी. 36 व्होल्ट, 10 ॲम्पिअर-तास बॅटरीची पॅडल असिस्ट (पॅडल मारताना मोटर मदत करते अशी) सायकल, बसच्या थेट वेळा दाखवणारं ॲप, आणि ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर, चालणारे दोन ऑफलाइन नकाशे: ऑसमँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स. शहराचा पसारा सात-आठ किलोमीटरचा, आणि बहुतेक मार्गांवर बस दर 30-40 मिनिटांनी.

हा शेवटचा आकडाच बाकी सगळं ठरवतो. जिथे दर सहा मिनिटांनी बस येते तिथे एखादी चुकली तर फारसं बिघडत नाही. इथे अर्धा-पाऊण तास जातो. ॲप मात्र सगळ्यात कमी वेळेचा प्रवास सगळ्यात वर दाखवतं, आणि तो फसला तर काय होईल हे मोजत नाही. म्हणून ‘4 मिनिटांत बस बदला’ असा पर्याय पहिला दिसला तरी तो घेऊ नये. ती चुकल्यावर पुढची बस 40 मिनिटांनी असेल तर बदलायला निदान 8-10 मिनिटं हातात हवीत. काही ॲपमध्ये बदलण्याचा किमान वेळ ठरवता येतो. ती सोय नसेल तर चालण्याचा वेग ‘सावकाश’ ठेवला की असे काठावरचे पर्याय पुष्कळसे गळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे दिसणारी वेळ नेमकी कुठून येते ते ओळखणं. बसचं वेळापत्रक जीटीएफएस नावाच्या साच्यात असतं. 2005 मध्ये गूगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची बससेवा यांनी मिळून तो सुरू केला. आत आहेत साध्या मजकुराच्या फायली: थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा, सुट्ट्या. बस प्रत्यक्ष कुठे आहे ती माहिती वेगळ्या वाटेने येते, आणि ती आली नाही तर ॲप काही न सांगता छापील वेळ दाखवत राहतं. ‘7 मिनिटं’ हा आकडा बरोबर मिनिटामिनिटाने उतरत गेला, मध्ये कधी अडखळला नाही किंवा उडी मारली नाही, तर बहुधा ते नुसतं वेळापत्रक आहे. खरी माहिती थोडी मागेपुढे होतेच. बसची जागा 90 सेकंदांहून जुनी नसावी अशी या साच्याची शिफारस आहे. ॲपमध्ये ‘शेवटची नोंद’ दिसत असेल तर आधी ती पाहावी.

मधल्या थांब्यांवर बस ‘लवकर’ निघून जाते, त्याचं कारणही याच फायलींत सापडतं. वेळ भरलेली असते ती पहिल्या, शेवटच्या आणि काही मुख्य थांब्यांची. मधल्या थांब्यांची वेळ बऱ्याचदा ॲप अंतरावरून हिशेबाने काढतं. त्यामुळे अशा थांब्यावर 3-4 मिनिटं आधी उभं राहणं बरं. सर्वांत कमी भरवशाचा अंदाज असतो तो मार्गाच्या पहिल्या थांब्यावर, कारण उभी असलेली बस पुढच्या फेरीला जोडली गेली आहे की नाही हेच यंत्रणेला कळलेलं नसतं. सुट्टीच्या दिवशी ॲपवर नेहमीच्या बसेस दिसल्या तर अपवादांच्या फायलीत ती तारीख कुणी टाकलेली नाही असं समजावं. आणि एखाद्या सकाळी सगळे मार्गच गायब झाले तर बससेवा बंद पडली असं लगेच मानू नये. वेळापत्रकाची मुदत संपलेली असते आणि नवी फाईल चढलेली नसते, एवढंच असू शकतं.

ऑफलाइन नकाशा ही या सगळ्यातली सर्वांत समाधान देणारी गोष्ट, कारण तो आपल्याला दुरुस्त करता येतो. जवळची गल्ली सोडून नकाशा लांबून नेत असेल तर तीन कारणं आधी तपासावीत. एक, दोन रस्ते चित्रात चिकटलेले दिसतात, पण त्यांचा सामायिक बिंदू नसतो. मार्ग शोधणाऱ्या प्रणालीच्या लेखी तिथे भिंतच असते. दोन, एखाद्या एकेरी रस्त्यावर उलट दिशेने सायकलला परवानगी असते, पण तशी नोंद नसते. तीन, वाटेतलं एखादं फाटक ‘खासगी’ म्हणून नोंदलेलं असतं. पहिल्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपच्या ब्राउझरमधल्या संपादकात रेघेचं टोक ओढून दुसऱ्या रेघेवर सोडायचं, मिनिटभराचं काम. रस्त्याचा पृष्ठभाग, दिवे, थांब्यावर बाक आहे का, अशा गोष्टी अँड्रॉइडवरच्या स्ट्रीटकम्प्लीट ॲपने जागेवर उभं राहून भरता येतात. फक्त फोनमधल्या नकाशात बदल दिसायला काही आठवडे लागू शकतात, कारण तो फोनमध्ये आधीच उतरवलेला असतो.

ऑसमँडमध्ये सायकलच्या प्रोफाइलचा डीफॉल्ट वेगही बदलावा. तो साध्या सायकलीचा असतो. मोटरच्या मदतीने शहरात ताशी 20 च्या आसपास वेग सहज राहतो, त्यामुळे न बदलल्यास प्रत्येक अंदाज फुगलेला येतो आणि बसशी केलेली तुलना चुकते. चढ टाळण्याची सोय मात्र पुलांजवळ फसते. उंचीची माहिती बऱ्याचदा 2000 साली अंतराळयानातून (स्पेस शटल) केलेल्या रडार मोहिमेची असते, सुमारे 30 मीटरच्या चौकटींची. तिच्यात अरुंद पूल दिसतच नाही, खालची नदी दिसते. मग सपाट पुलावर खोल उतार आणि लगेच उभा चढ लागतो असं नकाशा सांगतो.

आता बॅटरी. 36 गुणिले 10 म्हणजे 360 वॉट-तास. मध्यम मदतीवर किलोमीटरला साधारण 10 वॉट-तास धरले तर कागदावर 36 किलोमीटर. तळाची 20 टक्के राखली तर 28-29 किलोमीटर, आणि हाच आकडा धरून चालावं. चढावर डिस्प्लेवरच्या दोन पट्ट्या एकदम उतरल्या तरी घाबरू नये. जोर पडला की व्होल्टेज तात्पुरतं दबतं. सपाटीवर थांबून मिनिटभराने पाहावं. रोज 100 टक्के भरायची गरज नाही. 2 ॲम्पिअरच्या चार्जरने 30 वरून 80 टक्क्यांपर्यंत अडीच तास लागतात, तेवढा टायमर प्लग लावून द्यावा. हवा दर आठवड्याला तपासावी. मऊ टायर बॅटरी खातो, आणि दोष बॅटरीला दिला जातो. पावसात बिघडतो तो चाकाच्या मध्यात बसवलेल्या (हब) मोटरच्या वायरीचा जोड. आसापाशी शिरण्याआधी वायरीला खाली झोल ठेवला की पाणी झोलावरून टपकतं, आत जात नाही.

फोन हँडलवर लावण्यापेक्षा खिशात ठेवून आवाजी सूचना ऐकणं उत्तम. ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही. कंपनांमुळे कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेही 2021 मध्ये मोटरसायकलींबाबत दिला होता, आणि स्कूटरसाठी कंपन शोषणारा माउंट सुचवला होता. बॅटरी सेव्हर चालू असेल तर नकाशाच्या ॲपला त्यातून सूट द्यावी, नाहीतर खिशात गेल्यावर सूचना मध्येच थांबतात.

‘इतका कार्बन वाचवला’ सांगणाऱ्या ॲपवर विसंबू नये. बरीच ॲप्स प्रत्येक किलोमीटर गाडीऐवजी झाला असं धरतात. ज्या फेरीला एरवी खरोखर गाडी काढली असती तेवढीच मोजावी.

राहिलेली उणीव एकच, पण मोठी. सायकल बसमध्ये चढवता येईल का, हे ॲप सांगत नाही. जीटीएफएसच्या फेऱ्यांच्या फाईलमध्ये यासाठी bikes_allowed नावाचा एक रकाना आहे: 1 म्हणजे चालते, 2 म्हणजे चालत नाही, 0 किंवा रिकामा म्हणजे माहिती नाही. या नऊ महिन्यांत तो रिकामाच होता. बससेवेला सूचना पाठवताना ‘ॲप सुधारा’ असं मोघम लिहू नये. या रकान्याचं नाव, मार्ग क्रमांक आणि त्या बसमध्ये प्रत्यक्षात काय चालतं, एवढं लिहावं. फाईल भरणाऱ्या माणसाला नेमकं तेच लागतं.