जुनी पुस्तकं बांधून हवीत? मेन रोडच्या मागे जा, पण कडांच्या कटिंगला नाही म्हणा

मेन रोडच्या मागच्या बोळात एक जुना बाइंडर बसतो. तक्रारही करायची आहे, म्हणून दुकानाचं नाव देत नाही.

मी नेलं होतं सरोजिनी वैद्यांचं ‘श्रीमती काशीबाई कानिटकर : आत्मचरित्र आणि चरित्र’. मावशीची प्रत. पाठ उखडलेली, फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) सुटे. बाइंडरकाकांनी पुस्तक हातात तोललं. “ताई, जाड आहे. दोन भाग करून देतो, टिकतील.”

नको म्हटलं. खरी मजा दोन्ही एकत्र असण्यातच आहे. काशीबाई (१८६१–१९४८) जुन्या काळच्या लेखिका, त्यांचं आत्मचरित्र अपुरं राहिलेलं. वैद्यबाईंनी ते छापलं आणि जोडीला स्वतः चरित्र लिहिलं. वाचताना एक बोट इकडे, एक तिकडे: बाई स्वतःबद्दल काय सांगते आणि दुसरी तिच्याबद्दल काय. त्यात काशीबाईही चरित्रकारच. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली गेल्या आणि काही वर्षांतच त्यांचं चरित्र काशीबाईंनी लिहिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने! वैद्यबाई मुंबई विद्यापीठात मराठीच्या विभागप्रमुख होत्या, राज्य मराठी विकास संस्थेच्या संचालकही. नाट्यछटाकार दिवाकरांच्या ‘समग्र दिवाकर’चं संपादनही त्यांचंच. विखुरलेलं गोळा करून नीट लावायचा नादच असणार.

असो. शिलाई एक नंबर. नुसता गोंद फासलेला नाही, फर्मे दोऱ्याने पुन्हा शिवलेत. पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं, पोळ्या लाटताना वाचता येतं. मरून रेक्झिन, २८० रुपये. चार दिवस सांगून अकरा लावले, तेवढं चालायचंच.

न चालणारं म्हणजे कटिंग. कडा सरळ करायला मशीनवर घातलं आणि समासातल्या मावशीच्या पेन्सिलीच्या नोंदी अर्ध्या गेल्या. एके ठिकाणी आता फक्त ‘…ला का विचारलं नाही?’ उरलंय. कोणाला, ते गेलं. चूक माझीही, आधी सांगायला हवं होतं.

दुसरं, पाठीवर सोनेरी अक्षरांत नुसतं ‘काशीबाई कानिटकर’. वैद्यबाईंचं नाव कुठाय, विचारलं.

“जागा नव्हती. आत आहे की पहिल्या पानावर.”

पुन्हा फुकट छापून देतो म्हणालेत. बुधवारी जाणार आहे.